पेठेतल्या मारुतीचा जन्मोत्सव: शेंदूर, पहाटेचं कीर्तन आणि पाचशे पानं

चौकातला_पार

नमस्कार मंडळी.

पुण्याच्या पेठांत मारुतीची देवळं किती आणि नावं किती! जिलब्या, सोन्या, डुल्या, पत्र्या, भिकारदास. यादी वाढवायला हा धागा नाही. यांतली बरीच देवळं लहान आहेत: आठ-दहा फुटी गाभारा, पुढे पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसतील एवढा सभामंडप आणि पायरी उतरली की थेट रस्ता. शनिवारची रांग या जागेत निभावते. चैत्र पौर्णिमेला मात्र पहाटेपासून दुपारपर्यंत सगळी पेठ त्याच पायरीवर येते.

अशाच एका देवळाच्या उत्सवासाठी नेमकी माहिती हवी आहे.

मूर्ती पाषाणाची, तीन फुटी. डाव्या खांद्यावरची शेंदराची खोळ, म्हणजे साचलेल्या थरांचं कवच, सुटून फुगली आहे. उत्सवाच्या आधी वरून नवा शेंदूर चढवावा की जुना काढावा? तेल कोणतं, किती?

जन्माचं कीर्तन पहाटे पाचला सुरू होतं. लाऊडस्पीकरचं काय करायचं?

दुपारी पाचशे पानांचा महाप्रसाद. आचारी एक, हाताखाली वीस-पंचवीस कार्यकर्ते, स्वयंपाक देवळामागच्या बोळात. पुरी ठेवावी का, यावरच दोन बैठका झाल्या आहेत. शिध्याचे आकडे द्या.

---

शिळा_आणि_लेप

आधी खोळीबद्दल, कारण तिथे चूक झाली तर मूर्तीलाच इजा होते.

फुगलेल्या खोळीवर नवा थर चढवू नका. आत पोकळी आहे. वरचं वजन वाढलं की तो तुकडा गळतो आणि गळताना दगडाचा पापुद्रा घेऊन जातो. कान, नाक, बोटं यांच्या कडा अशाच जातात. खोळ सुटते त्याची कारणं साधारण तीन: थर जाड होणं, न वाळणारं तेल वापरणं आणि अभिषेकाचं पाणी फटीतून आत जाऊन दगड व थर यांच्यामध्ये राहणं. खांद्यावरच फुगली असेल तर वरून पाणी किंवा तेल कुठून ओघळतं ते बघा. बहुतेक वेळा गळतीच्या, म्हणजे अभिषेकाच्या कलशाची किंवा लोकांनी घातलेल्या तेलाची धार बरोबर त्याच जागी पडत असते. ते थांबवल्याशिवाय केलेली डागडुजी वर्षभर टिकत नाही.

आता तेल. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं आणि शिसं त्या वाळण्याला गती देतं. एकेकाळी लोखंडी पुलांना पहिला हात याच मिश्रणाचा देत. तिळाचं तेल अर्धवट वाळतं. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही. थर चिकट राहतो, त्यावर उदबत्तीची राख, धूळ, फुलांच्या पाकळ्या बसतात आणि चार महिन्यांत मूर्ती काळपट दिसते. मग लोकांना वाटतं शेंदूर कमी पडला, आणि आणखी थापतात. खोळ जाड होते ती अशी.

प्रमाण: शेंदूर वजनाला फार जड, त्यामुळे तेल अंदाजापेक्षा खूप कमी लागतं. १ किलो शेंदराला १०० मिली तेलात घट्ट गोळा होतो, १५० मिलीपर्यंत हातानं पसरेल असा लेप होतो. तीन फुटी मूर्तीला एका पातळ हाताला ५०० ते ७५० ग्रॅम पुरतो. पाच-पाच किलो आणायची गरज नाही.

आणि वेळ: जवसाच्या तेलातला पातळ हातसुद्धा वाळायला तीन-चार दिवस घेतो. उत्सवाच्या आदल्या रात्री शेंदूर लावण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि तीच सगळ्यात घातक. ओल्या शेंदरावर हजार हात लागतात. तो शेंदूर प्रत्येकाच्या बोटांवर, तिथून प्रसादात. किमान पाच दिवस आधी हे काम उरका.

विषाबद्दल स्पष्टच लिहितो. घरगुती रंगात शिशाची मर्यादा २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग आहे. अस्सल शेंदरात वजनाच्या सुमारे ९० टक्के शिसंच असतं. शिसं शरीरातून सहज जात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा सगळ्यात वाईट परिणाम होतो. म्हणून मूर्तीच्या पायाचा शेंदूर लहानग्यांच्या कपाळाला, गळ्याला लावणं बंद करा. शेजारी अष्टगंधाची वाटी ठेवा. लोक दोन शनिवारांत तिकडे वळतात. त्यासाठी पाटी लागत नाही, वाटी हाताशी लागते.

---

तांब्याची_पळी

चांगला प्रतिसाद. पण बाजारात आता अस्सल शेंदूर मिळतो कुठे? निम्म्या पुड्यांत रंगवलेली पांढरी माती असते.

---

शिळा_आणि_लेप

खरं आहे, आणि ते ओळखता येतं. चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात टाका. अस्सल शेंदूर झटकन तळाला जातो आणि पाणी जवळपास स्वच्छ राहतं. रंगवलेली पूड पाणी केशरी करते. वजनानंही कळतं: शिशाच्या शेंदराचा चमचा हाताला लगेच जड लागतो.

नवा थर द्यायचाच असेल तर शिसं नसलेल्या खनिज रंगाचा, म्हणजे गेरूच्या जातीतल्या लोहाच्या केशरी-तांबड्या रंगाचा पर्याय आहे. रंग किंचित मातकट येतो. याला तेल मात्र बरंच जास्त लागतं, म्हणून वरचं प्रमाण इथे चालणार नाही. थोडं थोडं घालत लेप सारखा करा आणि आधी एखाद्या दगडाच्या तुकड्यावर लावून चार दिवस बघा. रंगवलेल्या मातीचा शेंदूर अजिबात नको, त्याचा रंग तेलात सुटून कपड्यांना लागतो.

जुनी खोळ काढताना कोरडं खरवडू नका, घासकागद लावू नका, उष्ण हवेचं यंत्र तर नकोच. पहिल्या दोन्हीत शिशाची धूळ उडते, तिसऱ्यात वाफा होतात. फुगलेला भाग तेलानं ओलसर करून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं उचलायचा. हातमोजे, एन-९५ मास्क, खाली जाड प्लॅस्टिक. मुलं आणि गरोदर बाया त्या दिवशी आत नकोत. निघालेला शेंदूर झाकणाच्या डब्यात बंद करायचा आणि महापालिकेच्या घातक कचऱ्यात द्यायचा. नदीत नाही, गटारात नाही, झाडाच्या बुंध्यातही नाही.

सुटलेला तुकडा तेवढाच काढा. पूर्ण खोळ उतरवणं हे मूर्ती-संवर्धकाचं काम आहे. वणीच्या सप्तशृंगीचा शेंदूर २०२२ साली उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं. त्यामागे तज्ज्ञांची देखरेख होती आणि मंदिर दर्शनाला दीड महिना बंद होतं. पेठेतल्या कार्यकर्त्यांनी छिन्नी घेऊन ते करू नये.

---

गुरवआळी

वरचं सगळं पटलं. विधीच्या बाजूनं थोडं.

मूर्तीला हत्यार किंवा पट्टी लावायची असेल तर आधी कलाकर्षण करून घ्यावं. मूर्तीतलं तत्त्व मंत्रपूर्वक कलशात घेतात. काम चालू असेपर्यंत पूजा त्या कलशाची आणि उत्सवमूर्तीची होते. काम संपल्यावर शुद्धी करून ते पुन्हा मूर्तीत आणतात. नुसता पातळ हात द्यायचा असेल तर याची गरज नाही, प्रार्थना आणि प्रोक्षण पुरतं. हे भाविकांना आधीच सांगितलं की गाभारा बंद का, म्हणून कुणी भांडत नाही.

दिवस ठरवताना अमावास्येनंतरचा पहिला आठवडा धरावा. गुढीपाडवा ते रामनवमी या काळात काम झालं की पौर्णिमेपर्यंत सहा दिवस हातात राहतात आणि लेप वाळतो. रामनवमीला देऊळ उघडं हवं असेल तर पाडव्यालाच हात घाला.

तेलाबद्दल. शनिवारी लोक बाटल्या आणून मूर्तीवर ओततात. ते तेल शेंदरावरून ओघळून खाली येतं, म्हणजे त्यात शेंदूर उतरलेला असतो. पुष्कळ ठिकाणी तेच गाळून नंदादीपात घालतात. बंद गाभाऱ्यात ते जाळू नये, पुजाऱ्याच्या छातीत जातं. मूर्तीपुढे हातभर अंतरावर पितळी घंगाळ ठेवावं. भाविकानं पळीभर तेल देवाला दाखवून घंगाळात घालायचं आणि बोटानं एक थेंब चरणाशी. घंगाळातलं तेल स्वच्छ राहतं, नंदादीपाला वर्षभर पुरतं, मूर्तीही कोरडी राहते. पायऱ्यांवर तेल सांडून म्हातारी माणसं घसरतात, तेही थांबतं. सांडलेल्या तेलावर पाणी ओतू नका, आधी लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्या.

---

टाळ_चिपळी

कीर्तनाचं वेळापत्रक.

हनुमंताचा जन्म सूर्योदयाला. चैत्र पौर्णिमा मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत कधीही येते, त्यामुळे पुण्यातला सूर्योदय त्या दिवशी साडेसहा ते सहा वाजून दहा मिनिटं यांमध्ये कुठेतरी असतो. पंचांगातून पुण्याची वेळ काढून बुवांना किंवा कीर्तनकार ताईंना लेखी द्या. दुसऱ्या गावची वेळ धरली की जन्म पाच-सात मिनिटं पुढेमागे होतो आणि मंडपातली माणसं घड्याळं बघत बसतात.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगाला आख्यान असतं. पाचला सुरुवात, पावणेसहाच्या सुमारास पूर्वरंग संपून बुक्का-हार, मग जन्माख्यान. शेवटची दहा मिनिटं सैल ठेवायला सांगा म्हणजे सूर्योदयाचा क्षण साधता येतो. त्यानंतर फुलं, पाळणा, आरती, सुंठवडा.

लाऊडस्पीकर: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावता येत नाही. म्हणजे पूर्वरंग विनाध्वनिक्षेपकच. पंचवीस माणसांच्या सभामंडपात पेटी, तबला, झांज आणि तयार गळा भरपूर ऐकू येतो, उलट जास्त गोड लागतो. सहा वाजले की बाहेरच्यांसाठी एक लहान स्पीकर लावा, तोंड देवळाकडे आणि खाली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. जवळ रुग्णालय असेल तर त्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालं आहे का ते बघा, असेल तर सहानंतरही नको. मंडपाची महापालिकेची परवानगी, वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला आणि स्पीकरची पोलिसांची परवानगी हे तीन वेगळे कागद आहेत. एकावर विसंबू नका.

सुंठवड्याचं प्रमाण १ किलोला: सुंठ १०० ग्रॅम, भाजून कुटलेलं सुकं खोबरं ४०० ग्रॅम, पिठीसाखर ४०० ग्रॅम, खारकेची पूड ५० ग्रॅम, भाजलेली खसखस ५० ग्रॅम, वरून वेलदोडा. माणशी लहान चमचा म्हणजे ५ ग्रॅम, १ किलोत २०० जण. खोबरं पूर्ण गार झाल्याशिवाय साखर घालू नका, गोळे होतात. सुंठ वस्त्रगाळ हवी. जाड राहिली की मुलांना ठसका लागतो.

---

शिधा_आणि_सरपण

पाचशे पानांकडे येतो.

पुरी सोडा. माणशी चार म्हणजे २००० पुऱ्या, किलोला ४५-५० धरल्या तरी ४०-४५ किलो कणीक. एका आचाऱ्याला एका कढईवर हे जमत नाही, आणि पंगत पुरीसाठी थांबली की रस्त्यावरची रांग दुप्पट होते. बेत असा ठेवा: मसालेभात, मटकीची उसळ, शिरा, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा. नैवेद्य असल्यानं कांदा-लसूण नाही.

मसालेभात: तांदूळ ४० किलो, तोंडली-मटार-फ्लॉवर मिळून १५ किलो, तेल ५ किलो, गोडा मसाला ८०० ग्रॅम ते १ किलो, मीठ १ किलोच्या आसपास, ओलं खोबरं आणि कोथिंबीर वरून. एका पातेल्यात ४० किलो कधीही शिजवू नका. खाली करपतो, वर कणी राहते. २० किलोचे दोन घाणे, प्रत्येकी १०० लिटरच्या पातेल्यात. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवायचा. २० किलोला ३५ लिटर पाणी, आणि ते शेजारच्या भट्टीवर उकळून घ्यायचं. थंड पाणी घातलं की पातेलं परत उकळायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात तांदूळ फुटून चिखल होतो. पाण्याची चव मिठाला किंचित पुढे हवी. थोडं पाणी दिसत असतानाच आच बंद करा, झाकणावर ओला पंचा आणि वर वजन. एवढ्या मोठ्या पातेल्यात भात आपल्याच वाफेवर पुढे पंधरा-वीस मिनिटं शिजतो. घरच्यासारखा पूर्ण मुरवून आच बंद केली तर वाढेपर्यंत गोळा होतो.

पहिला घाणा पावणेदहाला, दुसरा अकराला चढवा. साडेअकरापासूनच्या पहिल्या पंगती पहिल्यावर आणि नंतरच्या दुसऱ्यावर. सगळा भात सकाळीच करून झाकून ठेवणं धोक्याचं. कोमट भातात ज्या जंतूंमुळे उलट्या होतात, ते शिजवूनही मरत नाहीत अशा बीजरूपात तांदळातच असतात आणि कोमटपणात वाढतात. भात वाफाळता हवा, ६० अंशांच्या वर. निवला की घड्याळ सुरू झालं असं समजा.

मटकी: कोरडी १५ किलो. आदल्या दिवशी सकाळी सहाला भिजत, दुपारी तीन-चारला उपसून पंच्यात बांधायची. एकच मोठं गाठोडं केलं की मधली मटकी तापते आणि आंबते. एप्रिलमध्ये हे हमखास होतं. तीन-तीन किलोची पाच गाठोडी, चाळणीवर, वाऱ्याला. पहाटे पाचला सोडायची.

शिरा: रवा १५ किलो, साखर १५, तूप १३-१४ किलो, दूध-पाणी मिळून ४० लिटर, केळी चार-पाच डझन. माणशी मोठा डाव पडतो. नुसता द्रोणभर प्रसाद द्यायचा असेल तर रवा ५ किलो आणि बाकीचं त्याच पटीत. रवा मंद आचेवर भाजायला मोठ्या कढईत पाऊण तास लागतो, घाई केली की बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा. हा पदार्थ टिकतो, म्हणून आठलाच करून घ्या.

मठ्ठा: २० लिटर दह्यात ५५ लिटर पाणी, पेलाभर प्रत्येकाला. दही पंगतीच्या तासभर आधी घुसळा. कोशिंबिरीला मीठ वाढायच्या वेळी.

बोळात स्वयंपाक म्हणजे आगीची काळजी आधी. सिलिंडर व्यावसायिक, १९ किलोचे. घरगुती लाल सिलिंडर अशा कामाला वापरणं बेकायदा आहे. दोन चालू, एक राखीव, उभे, भट्टीपासून तीन मीटरवर, आणि राखीव सिलिंडर बोळाच्या तोंडाशी ठेवा, आतल्या टोकाला नाही. बोळाला दोन्हीकडून वाट नसेल तर तिथे भट्टी लावूच नका. मंडपाच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचं वीजगळती-रोधक स्विच हवंच, कारण खाली सगळीकडे पाणी असतं.

पिण्याचं पाणी ३०० लिटर, धुण्याभांड्याचं १५०० लिटरपर्यंत. नळाच्या वेळेवर अवलंबून राहू नका, आदल्या रात्री टाकी भरा. पत्रावळी ५५०, द्रोण ११००. थर्माकोलच्या ताटल्यांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

---

चौकातला_पार

मटकीच्या गाठोड्यांचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुरी रद्द. खांद्यावर गळतीचीच धार पडते आहे, वर जाऊन बघितलं.

महाप्रसादाला अन्न परवाना लागतो का?

---

वही_पावती

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्या. धार्मिक स्थळांच्या प्रसादासाठी त्यांची 'भोग' नावाची योजनाही आहे, त्यात स्वयंपाक करणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि जागेची तपासणी येते. नियमित अन्नदान असेल तर जरूर करून घ्या. नसेल तरी प्रत्येक पदार्थाचा २०० ग्रॅम नमुना स्वच्छ डब्यात, वेळ लिहून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. कुणाला त्रास झाला तर कारण शोधता येतं.

पैशांचं. वर्गणी विश्वस्त संस्थेच्या छापील, क्रमांकाच्या पावतीवरच. उत्सवापुरतं वेगळं पावतीपुस्तक काढलंत तर त्याचे क्रमांक इतिवृत्तात नोंदवा. दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे. उत्सवाच्या संध्याकाळीच मोजू नका, माणसं थकलेली असतात. पेटीवर सही केलेली कागदी पट्टी चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी चार जणांसमोर मोजून, रकमेचा कागद करून, त्याच दिवशी बँकेत. शेंदूर-तेल लागलेल्या नोटा वेगळ्या, हातमोजे घालून.

उत्सवाच्या बैठकीत विश्वस्त बदलले तर बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. हा राहून जातो आणि पुढे बँकेत सह्या बदलताना सगळं अडतं.

---

रुईपान

निर्माल्याचा विषय राहिला.

रुईच्या माळा त्या दिवशी पोत्यांनी जमतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि इजाही होऊ शकते. माळा ओवणाऱ्यांनी पानं तोडून अर्धा तास पसरून ठेवावीत, देठाचा चीक सुकतो. ओवून झाल्यावर साबणानं हात. डोळ्यात गेलाच तर पंधरा मिनिटं पाण्याची धार आणि सरळ डॉक्टर.

पिंप तीन ठेवा: एक रुई आणि फुलांना, दुसरं नारळाच्या शेंड्या व करवंट्यांना, तिसरं दोरा, प्लॅस्टिक, चुनरीला. रुईचं पान जाड, अख्खं टाकलं तर खतात महिनोन्‌महिने तसंच राहतं. कोयत्यानं बारीक करून सुक्या पाल्याबरोबर थरानं घाला. मूर्तीवरून उतरलेल्या, शेंदूर लागलेल्या माळा मात्र या खतात नकोत. हे खत तुळशीला आणि भाजीला जातं.

नारळ फोडायचा दगड दाराशी नको. त्याला खाली जाळीचं भांडं आणि पाण्याला स्वतंत्र बादली ठेवा. एप्रिलच्या उन्हात ते पाणी दोन तासांत आंबतं, माश्या येतात, आणि शेजारीच पंगत असते.

---

चौकातला_पार

गळतीचा कलश परवा पुढे सरकवतो आहोत, थेट तांब्याच्या ताम्हनात. संवर्धकांना मूर्ती दाखवायची तारीख ठरली. कार्यकर्त्यांची वाटणी अशी केली आहे: पहाटे पाच ते आठ सहा जण रांगेला, आठ जण चिरायला, दोन पाण्यावर. वाढायला बारा पुरतील का?

---

शिधा_आणि_सरपण

शंभराच्या पंगतीला बारा पुरतात: भाताला चार, उसळीला दोन, शिऱ्याला दोन, मठ्ठ्याला दोन, पाणी आणि मीठ-कोशिंबीर एकेक. शिरा आधी वाढा, भात शेवटी आणि गरम. पंगत बसायला आणि उठायला धरून पस्तीस मिनिटं, पाच पंगती तीन तासांत होतात. पंगतींच्या मधे रस्ता झाडायला दोन जण वेगळे ठेवा, वाढप्यांना झाडू देऊ नका. पातेली उतरवायला मात्र चार दणकट माणसं राखून ठेवा. भरलेलं १०० लिटरचं पातेलं दोघांनी उचलायचं नाही. कडांना बांबू अडकवून चौघांनी, आणि वाटेतलं पाणी आधी पुसून.